घटस्थापना ते येळवस: घरातल्या वयस्कांच्या तब्येतीची तयारी

आश्विनात घट बसतात आणि मार्गशीर्ष अमावस्येला येळवस होते, म्हणजे लातूर-धाराशिवकडचा शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. मध्ये दसरा, कोजागिरी, दिवाळी, तुळशीचं लग्न. मोजून तीन महिने. या तीन महिन्यांत घरात वयस्क माणूस आजारी पडलं की सगळे लाडवाकडे बोट दाखवतात. लाडू अगदीच निर्दोष नसतो, पण खरा घोटाळा बहुतेक वेळा वेळापत्रकाचा असतो. रोज आठला घेतलेली गोळी अकराला जाते, दुपारचं जेवण पाहुण्यांसाठी अडीचपर्यंत लांबतं, रात्रीची झोप मोडते आणि पाणी प्यायचं राहून जातं. या चार गोष्टी जागेवर राहिल्या तर सणातलं गोडधोड पुष्कळसं निभावतं.

हा लेख दोघांसाठी आहे: पुण्या-मुंबईहून सणाला गावी येऊन आई-वडिलांची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना नुकतीच बी.पी. किंवा शुगरची गोळी सुरू झाली आहे त्यांच्यासाठी. पायऱ्या सणांच्या क्रमाने आहेत. पहिल्या तीन मात्र घट बसायच्या आधीच उरकायच्या आहेत.

## १. गोळ्यांचा साठा आणि गोळ्यांचा हिशेब

लक्ष्मीपूजन ते भाऊबीज तालुक्याच्या गावात बरीच मेडिकल दुकानं अर्धवेळ असतात, आणि नेहमीचे डॉक्टरही दोन-चार दिवस गावाला जातात. म्हणून दिवाळीच्या आधी किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात हव्यात. इन्सुलिन असेल तर एक जादा कुपी किंवा पेन आणि पुरेशा सुया.

सगळ्या स्ट्रिपा एकदा ताटात काढा आणि प्रत्येकीवर लहान अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. जुन्या डॉक्टरांची एक गोळी, शहरातल्या डॉक्टरांनी दिलेली दुसरी आणि जनऔषधी केंद्रातून आणलेली तिसरी. डब्यांचे रंग वेगळे, आतलं औषध एकच, असं सर्रास आढळतं. अशी दुप्पट गोळी पोटात जाऊन सकाळी चक्कर येते आणि घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आलाय.

मग एका कागदावर चार रकाने आखा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर. हा कागद देवघराजवळ किंवा फ्रिजवर लावा. चुकलेली गोळी आठवली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, हे त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहा.

हा कागद घट बसायच्या आधी डॉक्टरांना दाखवून आणा, आणि त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. फ्लूची आणि न्युमोनियाची लस द्यायची का? (लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा थंडी वाढायच्या आधी घेतलेली बरी.) उपास चालेल का? आणि गुडघे दुखले तर कोणती गोळी? तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण साफसफाईच्या दिवसांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शेजाऱ्यांकडून मागून खाल्ल्या जातात. बी.पी.च्या काही गोळ्यांबरोबर त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, बी.पी. वाढवतात आणि जठरातून रक्तस्राव करू शकतात. त्या मानाने पॅरासिटामोल बरी, पण तिचीही रोजची मर्यादा विचारून ठेवा, कारण सर्दीच्या गोळीतही तीच असते.

## २. एक फाइल, दाराजवळच्या खिळ्याला

धावपळीची वेळ आली की कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली पाहुण्यांच्या गर्दीत हरवलेली, असं होतं. प्लॅस्टिकची बटणवाली फाइल घ्या आणि तिच्यात हे ठेवा:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ किंवा स्वच्छ झेरॉक्स
- सत्तर पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड
- शेवटची चिठ्ठी, जुना ई.सी.जी., मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड
- वर सांगितलेल्या गोळ्यांच्या कागदाची प्रत
- कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, ते ठळक अक्षरात
- घरातल्या दोघांचे, डॉक्टरांचे आणि गाडीवाल्या शेजाऱ्याचा फोन नंबर

सगळ्याचे फोटो दोन मोबाइलमध्ये असू द्या.

वय वंदना कार्डाची योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवरून ते काढता येतं. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या माणसांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात. नेहमीची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत. दुसरी अडचण अशी की प्रत्येक रुग्णालय यादीत नसतं. तुमच्या जवळचं कोणतं आहे ते आजच विचारून फाइलीवर लिहा. रात्री दोन वाजता काउंटरवर उभं राहून हे शोधायचं नसतं.

सामानात बी.पी. मशीन (मनगटाचं नको, दंडाला बांधायचं), ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या, थर्मामीटर, वजनकाटा, टॉर्च आणि ग्लुकोज पावडर एवढं पुरे.

बी.पी. घरी मोजताना बऱ्याच घरांत चूक होते. चहा, तंबाखू किंवा जिना चढण्यानंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला टेबलावर टेकलेला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. बोलत, स्वेटरवरून, हात लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा डॉक्टरांना सांगू नका. त्यावरून गोळी वाढवली जाते आणि मग बी.पी. खाली जातं.

## ३. पित्त म्हणून कधी थांबायचं नाही

सणातलं सगळ्यात महाग वाक्य: "काही नाही, फराळाचं पित्त झालंय." वयस्कांना, त्यातही मधुमेह असलेल्यांना, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असं नाही. नुसती धाप लागते, दरदरून घाम येतो, मळमळतं, जबडा किंवा डावा हात जड पडतो, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. सोडा-लिंबू पाजून वाट पाहू नका. माणसाला चालवू नका, बसतं ठेवा, १०८ ला फोन करा. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (छातीच्या कळेवरची गोळी) जिभेखाली ठेवू नका, बी.पी. आधीच घसरलेलं असेल तर ते आणखी घसरतं. अ‍ॅस्पिरिन घरात ठेवायची का आणि कधी चावायची, हे पहिल्या पायरीतल्या भेटीतच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लकव्याची खूण वेगळी. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढलं जातं, दोन्ही हात पुढे धरायला सांगितले तर एक खाली येतो, बोलणं अडखळतं. यातली एक जरी दिसली तरी घड्याळ बघा आणि माणूस शेवटचं ठीक कधी दिसलं होतं ती वेळ लिहा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन लागतो. वाडी-तांड्यावरून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला असं टप्प्याटप्प्याने गेलात तर हा वेळ रस्त्यातच संपतो. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर-नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं ही मोठी सरकारी ठिकाणं. त्याहून जवळ स्कॅनची सोय कुठे आहे, ते आधी विचारून ठेवा आणि निघताना फोन करा. लकव्याची शंका असेल तेव्हा पाणीसुद्धा पाजायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. लकवा रक्तस्रावानेही येतो आणि हे स्कॅनशिवाय कळत नाही.

बी.पी. १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, अंधारी किंवा बोलण्यात गडबड असेल तर फोनाफोनी न करता निघायचं.

आणखी एक. कालपर्यंत बरं असलेलं माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागलं, नातवाला ओळखेना, दिवसा झोपून रात्री उठून बसू लागलं, तर "वय झालं" म्हणू नका. म्हातारपणी लघवीचा किंवा छातीचा संसर्ग कित्येकदा ताप न येता असाच दिसतो. कमी झालेली शुगर किंवा सोडियमही असंच दाखवते.

## ४. नऊ दिवसांचे उपास

तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई ज्यांच्या घराण्याची दैवतं, त्या घरांतल्या आज्या उपास सोडत नाहीत. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो. उपासाचा प्रकार मात्र बदलून घेता येतो.

आधी गोळ्या बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन ही औषधं खाणं नसतानाही शुगर खाली ओढतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. कोरड्या उपासात त्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, आणि कधी कधी शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साचतं. तेव्हा उलट्या, पोटदुखी, खोल श्वास दिसतात आणि घरचे पुन्हा पित्तच समजतात. या गोळ्या असतील तर उपासाच्या दिवसांचा वेगळा डोस डॉक्टरांकडून लिहून आणा. "उपास आहे, म्हणजे गोळी नको" हा निर्णय घरी घ्यायचा नसतो. बी.पी. आणि हृदयाच्या गोळ्या पाण्याबरोबर चालू राहतात. गोळीने उपास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच वदवून घेतलं तर लवकर पटतं.

शुगर ७० च्या खाली म्हणजे कमी. हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते, शब्द जड होतात. लगेच तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. इथे पेढा किंवा लाडू देऊ नका. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साध्या साखरेचाही उपयोग हळू होतो, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडू देत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोज पावडरच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

खाण्यात साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. तो रोज दोनदा नको. त्याऐवजी भगर, राजगिरा, ताक, दही, दूध, थोडे शेंगदाणे, काकडी, भोपळा असं फिरवत राहा आणि दर तीन-चार तासांनी थोडं खायला द्या.

भगरीबद्दल मुद्दाम सांगायला हवं. उपासाच्या दिवसांत भगरीच्या पिठाच्या भाकरी खाऊन उलट्या-चक्कर होऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात अनेकदा आल्या आहेत. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं, तयार पीठ आणू नका. बंद पाकिटातली, मुदतीतली अख्खी भगर आणा, निवडून धुवा, वाळवा आणि लागेल तेवढीच दळा. मागच्या उपासाचं उरलेलं पीठ फेकून द्या, ते कितीही चांगलं दिसो.

## ५. जाळ्या-जळमटं

स्टुलावर चढून छताची जाळी काढणं हे साठीपुढच्या कुणाचंच काम नाही. वर मान केली की तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं तर दिवाळी काय, पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात. वयस्कांना बसून करायची कामं द्या: समया घासणं, डबे पुसणं, वाती वळणं. ओल्या वाकळा उचलू देऊ नका. दम्याचं माणूस झाडझूड चालू असताना शेजारी पाठवा किंवा त्याला एन-९५ मास्क द्या. रंग दिलेल्या खोलीत दोन-तीन रात्री तरी झोपवू नका.

## ६. अभ्यंगस्नानाची पहाट

घसरून पडायला याहून चांगला मुहूर्त नाही. अंधार, थंडी, अर्धवट झोप, अंगाला तेल, फरशीवर उटणं.

उठल्या उठल्या उभं राहायचं नाही. कुशीवर वळून, बसून, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबायचं. बी.पी. आणि प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचं बी.पी. उठताना घसरतं, गरम पाण्याने ते आणखी घसरतं.

तेल खोलीत, खुर्चीवर बसून लावा. तळव्यांना लावू नका, ते आदल्या रात्री लावून मोजे घालता येतील. न्हाणीत चार पायांची मजबूत प्लॅस्टिक खुर्ची, खाली रबरी मॅट, हात धरायला पक्का गज. टॉवेल अडकवायची दांडी धरण्यासाठी नसते, वजन पडलं की ती भिंतीतून निघते. उटणं अंगाला लागल्यावर फरशीवर आधी एक तांब्या पाणी ओता. दाराची कडी आतून लावू नका.

पाणी दुसऱ्याने, कोपर बुडवून तपासायचं. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते; बंबातलं कढत पाणी पायावर पडलं तरी कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. गॅस गिझर असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मगच आंघोळीला बसवा. बंद न्हाणीत चालू गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, नुसती झोप येते.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची या पहाटे हमखास चूक होते. रोज सहाला उपाशीपोटी गोळी, सातला चहा असा क्रम असतो. आज साडेपाचलाच फराळाचं ताट समोर येतं. म्हणून उठल्याबरोबर, तेल लावण्याआधी गोळी द्या. आंघोळ होईपर्यंत अर्धा-पाऊण तास आपोआप निघतो.

## ७. फराळाचं ताट

सरळ हिशेब: एक मध्यम बेसन लाडू उष्मांकात साधारण ज्वारीच्या एका भाकरीएवढा. म्हणजे लाडू खाल्ला तर त्या जेवणातली भाकरी किंवा भात कमी. तो वर जादा नाही. एका वेळी एक करंजी किंवा अर्धा लाडू किंवा एक अनारसा, सोबत मूठभर चिवडा, दिवसातून एकदा, शक्यतो सकाळी किंवा दुपारी. रात्रीच्या जेवणानंतर गोड खाऊन झोपलं की सकाळची शुगर त्याची साक्ष देते.

लोक इथे तीन ठिकाणी फसतात. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून सढळ हाताने खाणं. रक्तात दोन्ही साखरच. "शुगर फ्री" मिठाई. त्यात मैदा, खवा, तूप तेवढंच असतं. आणि सीताफळ. दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरातून बाजारात येतं, फळ म्हणून कुणी मोजत नाही आणि दोन-दोन खाल्ली जातात. एका मोठ्या सीताफळात दीड-दोन फुलक्यांइतकं कर्बोदक असतं. अर्धं खा, आणि त्या दिवशी लाडू नको.

गोडावर सगळ्यांची नजर असते, मीठ मात्र गुपचूप आत शिरतं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात भाजी-वरणातलंही आलं. चकली, शेव, चिवडा, वर लोणचं आणि पापड म्हटल्यावर दुपारीच तो आकडा संपतो. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांचं वजन रोज सकाळी, लघवीनंतर, खाण्याआधी, त्याच काट्यावर बघा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा पायाला सूज आली, रात्री उशी उंच करावी लागली, तर ते लाडवांचं वजन नाही, अंगात साचलेलं पाणी आहे. दिवाळी संपायची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

घरच्या फराळात आजींसाठी वेगळं काही करायची गरज नाही. चिवडा भाजक्या पोह्यांचा, निम्म्या मिठाचा करा आणि सगळ्यांनी तोच खा. वेगळी वाटी समोर ठेवली की माणूस दुखावतं आणि मग डब्यातला लाडू चोरून खातं.

खवा आणि पेढे घेतल्या दिवशीच संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा. आंबूस वास आला तर टाका. मैदा आणि कमी पाणी मिळून बद्धकोष्ठ होतं. इसबगोल देताना त्यामागे पूर्ण ग्लास पाणी हवंच, नाहीतर ते आतच अडकतं. तहान वयाबरोबर मंदावते, म्हणून मागायची वाट पाहू नका. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर दिवसाला सहा ते आठ ग्लास, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना नारळपाणी आपल्या मनाने पाजू नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारोल ही गोळी चालू असेल, तर थंडीत स्वस्त झाली म्हणून मेथी-पालक रोज दोनदा सुरू करू नका. पालेभाजी बंद करायची नाही, फक्त प्रमाण एकसारखं ठेवायचं.

## ८. पणत्या, रांगोळी, धूर

पणत्या जमिनीऐवजी कठड्यावर. नायलॉनच्या साडीचा पदर खोचलेला. रांगोळी चालायच्या वाटेत नको. फरशीवर सांडलेली भुकटी वाळूसारखी घसरते.

भाजलं तर बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आधी काढा आणि वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि दवाखाना गाठा.

दम्याच्या माणसाचा रोजचा पंप चुकवू नका. "आज त्रास नाही" म्हणून तो बंद केला की लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाप लागते. लगेच आराम देणारा पंप उशाशी हवा, त्यात किती डोस उरलेत ते आधी बघा, आणि हात थरथरत असतील तर स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावूनच द्या. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. फटाक्यांच्या वेळी, साधारण सात ते अकरा, खिडक्या बंद ठेवून आतल्या खोलीत बसवा. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरणं टाळा, धूर खालीच साचून असतो.

## ९. पाहुणे आणि प्रवास

घर भरलं की आजोबांची खाट हॉलमध्ये येते आणि रात्री लघवीला जायची वाट बदलते. पडणं इथे होतं. त्यांची खोली त्यांच्याकडेच ठेवा. ते शक्यच नसेल तर वाटेत रात्रीचा दिवा लावा, सतरंज्या आणि मोबाइलच्या वायरी उचला.

एस.टी.त पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत आणि पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ हवं. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, मणक्याला दणके बसतात. गोळ्या हातातल्या पिशवीत, टपावरच्या बॅगेत नाही. इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर तापतं आणि बर्फाला चिकटलं तर गोठतं. दोन्हीकडून वाया जातं. चालू कुपी घरात थंड जागी साधारण चार आठवडे टिकते, न उघडलेली २ ते ८ अंशांवर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून उन्हाळी, चक्कर, लघवीचा संसर्ग होतो. दर दोन तासांनी कुठे थांबायचं ते निघतानाच ठरवा. बसल्या जागी घोटे फिरवत राहायला सांगा.

तुळजापूरला देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या असतात, चढ परतीला लागतो. म्हणजे दमलेल्या गुडघ्यांनी चढायचं. नवरात्रात आणि कोजागिरीला गर्दीचा लोट असतो. नंतरच्या आठवड्यात, मधल्या एखाद्या दिवशी, सकाळी लवकर जा.

## १०. थंडी

परभणीत पारा एक आकड्यावर येतो तेव्हा रक्तवाहिन्या आकसतात, बी.पी. वाढतं, आणि हृदयविकाराचे झटके थंडीत जास्त येतात. पहाटे पाचचं फिरणं ऊन पडल्यावर करा. उन्हाळ्यात कमी केलेली बी.पी.ची गोळी तशीच चालू असेल तर थंडीत आकडे आठवडाभर लिहून डॉक्टरांना दाखवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, गिझरसारखाच धोका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि मधुमेह्यांच्या पायाला नाहीच.

## ११. येळवस

लातूर-धाराशिवकडे या दिवशी गाव रिकामं होतं, आणि आजी-आजोबांना घरी ठेवणं हा पर्यायच नसतो. तसं करूही नये. शेतात न्यायचंच, फक्त थोडी तयारी करून.

बैलगाडी किंवा ट्रॉलीत चढायला स्टूल न्या; ओढून घेताना खांदा निखळतो. काळ्या रानात भेगा आणि ढेकळं असतात, तेव्हा बंद बूट आणि काठी. कोपीजवळ (पूजेसाठी केलेल्या कडब्याच्या खोपीजवळ) सावलीत खुर्ची ठेवा, गुडघे गेलेल्यांना खाली बसवलं तर उठवायला दोघं लागतात. टोपी किंवा पदर, पाण्याची वेगळी बाटली, गोळ्यांचा डबा, ग्लुकोज.

दुपारची गोळी आणि जेवण रोजच्या वेळेला. पूजा लांबली तर त्यांना आधी थोडं खाऊ द्या. लक्ष्मीआईला त्याचं काही वाटत नाही. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, पावटा असं सगळं असतं. पोषक आहे, पण पोट फुगतं, म्हणून एक वाटी, नीट चावून. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी डाळी-कडधान्य मोजून सांगितलं असेल तर अर्धीच. बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) कोरडे असतात, कवळी असलेल्यांनी ते भज्जीत कुस्करून खावेत. बिंदगीतली (मातीच्या छोट्या मडक्यातली) आंबील अंगाला पाणी देते, पण मीठ टाकायच्या आधी त्यांचा तांब्या वेगळा काढा. खीर दोन चमचे. हुरडा मिळाला तर मूठभर, कोवळा, आणि त्यासोबतच्या शेंगाच्या चटणीतलं मीठ विसरू नका.

जेवण झाल्यावर झाडाखाली आडवं व्हायची इच्छा होते. निदान दोन तास तरी टेकून बसवा, नाहीतर आंबट पाणी घशाशी येतं. संध्याकाळी हेंडगा (कडब्याची पेंढी) पेटवतात तेव्हा दम्याचं माणूस वाऱ्याच्या वरच्या बाजूला हवं. अंधार पडायच्या आत पहिल्या फेरीच्या गाडीत त्यांना घरी पाठवा, आणि सोबत एक जण असा पाठवा की ज्याला गोळ्यांचा कागद कुठे लावलाय ते माहीत आहे.